लष्कराला माल पुरवता? मग या चुका टाळा

निवृत्त जवानाला आमच्याकडं सरसकट 'मेजर' म्हणतात, हुद्दा काही का असेना. सिग्नल्समधून, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन शाखेतून, सुटल्यावर मी, म्हणजे हा मेजर, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. त्यातले काही मालक सैन्याची टेंडरं भरतात. सुरक्षेचा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं, "मेजर, आमच्याकडं काय हाय चोरायला? टॉवेलच की."

टॉवेल कुणाला नकोच असतो. कुठल्या युनिटला किती नग, कुठल्या तारखेला, एवढं कळलं तरी माणसांचा आणि हालचालीचा अंदाज बांधता येतो. शिवाय ओळखीच्या पुरवठादाराच्या मेलमधली फाइल पलीकडचा कारकून डोळे झाकून उघडतो. लष्कराचं नेटवर्क थेट फोडण्यापेक्षा ही वाट सोपी.

पेन ड्राइव्हचं तर सांगून तोंड दुखलं. 2008 साली अमेरिकी सैन्याच्या गोपनीय नेटवर्कमध्ये 'एजंट बीटीझेड' नावाचा व्हायरस शिरला, तो मध्यपूर्वेतल्या एका तळावर लॅपटॉपला लावलेल्या ड्राइव्हमधून. म्हणजे इंटरनेटपासून वेगळं ठेवलेलं नेटवर्कही खिशातून आलेल्या वस्तूनं बाटतं. तुमच्या डिस्पॅचच्या पोराचा गाण्यांचा ड्राइव्ह बिलं काढायच्या मशीनला लावू देऊ नका.

'आमचं विंडोज नाही, लिनक्स आहे, आम्हाला काय होतंय' हाही भाबडेपणा. 'ट्रान्स्परंट ट्राइब' या हॅकर टोळीचा माग संशोधक पाकिस्तानपर्यंत लावतात. तिनं 2025 मध्ये भारत सरकारच्या कार्यालयांतल्या 'बॉस' या देशी लिनक्ससाठी पीडीएफसारख्या दिसणाऱ्या 'डॉट डेस्कटॉप' फाइली पाठवल्या. दिसायला कागद, आत आज्ञा.

टेंडरवर डिजिटल सही करायचा, पेन ड्राइव्हसारखा दिसणारा डीएससी टोकन दिवसरात्र मशीनला टोचलेला आणि पिन मॉनिटरवर चिकटवलेला, हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की आता हसू येत नाही. काम झालं की टोकन काढून कपाटात ठेवा.

आता जिच्याकडं कुणाचंच लक्ष नसतं ती चूक: घड्याळ. मे महिन्यात लाइट जाते, येते, पुन्हा जाते. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा सेल मेलेला असला की तारीख काही वर्षं मागं जाते. मग प्रत्येक सुरक्षित साइटवर 'प्रमाणपत्र वैध नाही' अशी लाल सूचना. ऑपरेटर 'तरीही पुढे जा' दाबतो. महिनाभरात बोटाला सवय लागते, आणि खरोखरच बनावट साइट आली तरी बोट तिथंच जातं. उपाय तीसचाळीस रुपयांचा: 2032 नंबरचा सेल बदला, वेळ आपोआप जुळवायची सोय चालू करा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांत कंपन्यांनाही हेच बजावलंय. घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवा, लॉग (मशीन आपोआप ठेवतं त्या नोंदी) 180 दिवस ठेवा, सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत सर्ट-इनला कळवा.

मशीन विचित्र वागायला लागलं तर आधी नेटवर्कची केबल उपटा, वाय-फाय तोडा. बंद मात्र करू नका. मेमरीतला पुरावा वीज गेली की जातो. स्क्रीनचा फोटो काढा. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या मशीनवरून. टोकन मशीनलाच लावलेला होता तर त्यातलं डिजिटल सहीचं सर्टिफिकेट रद्द करून घ्या. युनिटला फोनवर कळवा, त्याच मेलवरून नको, तो आता कुणाच्या हातात आहे कोण जाणे.

मागं एका कारखान्यात नेमकं उलटं झालं. मी पोचेपर्यंत गल्लीतल्या पोरानं मशीन फॉरमॅट करून विंडोज नवीन टाकलेलं, चहा पीत बसलेला. "घ्या मेजर, एकदम चकाचक." सगळे लॉग गेले. उरला राउटर. त्यात नोंदी सापडल्या, पण सकाळी लाइट जाऊन आलेली, वेळ जुळवायची सोय बंद. प्रत्येक ओळीपुढं तारीख होती, घड्याळ शून्यावर गेलं की दिसते ती: 1 जानेवारी 1970.