जुन्या हार्ड डिस्कची इमेज एम्युलेटरला जोडताना मापे कशी शोधावीत

सदाशिव पेठेतील एका छापखान्याची, नव्वदच्या दशकातील हार्ड डिस्क माझ्याकडे आली, तेव्हा तिच्यावरचे लेबल फाटलेले होते. सिलिंडर (सर्व तबकड्यांवरच्या एकाच जागेच्या ट्रॅकचा, म्हणजे वर्तुळांचा, संच), हेड (वाचणारी डोकी) आणि सेक्टर (ट्रॅकवरचा ५१२ बाइटांचा तुकडा) ही डिस्कची मापे; हे तिन्ही आकडे त्याच लेबलावर छापलेले असतात. आत दिवाळी अंकांची जुनी अक्षरजुळणी होती, त्यामुळे अंदाजाने काम करणे मला मान्य नव्हते.

डिस्कवरील सेक्टर जसेच्या तसे एका फाइलीत उतरवले की रॉ इमेज तयार होते. या फाइलीत ड्राइव्हच्या मापांची वेगळी नोंद नसते. फ्लॉपीच्या बाबतीत हे सहसा अडत नाही, कारण १४,७४,५६० बाइट म्हणजे ८० ट्रॅक, २ बाजू आणि १८ सेक्टर, हे एम्युलेटर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम, फाइलीच्या आकारावरूनच ओळखतो. हार्ड डिस्कला मात्र एकाच आकारासाठी अनेक मापे बसू शकतात.

अशा वेळी मापे इमेजच्या पोटातच शोधावीत. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतले बाइट सोळाच्या पायावरील अंकांत दाखवणाऱ्या प्रोग्रामात, इमेजची प्रत उघडावी. मूळ इमेजला हात लावू नये. पहिल्या सेक्टरच्या शेवटी, म्हणजे शून्यापासून मोजल्यास ५१० व्या बाइटपासून, ५५ एए ही खूण असल्याची खात्री करावी. त्यानंतर ४५४ व्या बाइटपासूनच्या चार बाइटांत पहिले विभाजन (पार्टिशन) कोणत्या सेक्टरपासून सुरू होते ते वाचावे. माझ्या डिस्कवर तो आकडा ६३ होता. त्याला ५१२ ने गुणले की ३२,२५६ येतात आणि तेथेच डॉस या जुन्या कार्यप्रणालीचा बूट सेक्टर, म्हणजे विभाजनाचा पहिला सेक्टर, असतो. त्यात २४ बाइट पुढे ‘३एफ ००’ आणि लगेच त्यानंतर ‘१० ००’ असे दिसले. हे अंक सोळाच्या पायावरचे असल्याने आणि कमी किमतीचा बाइट आधी लिहिण्याची पद्धत असल्याने याचा अर्थ प्रत्येक ट्रॅकवर ६३ सेक्टर आणि १६ हेड. फाइलीचा आकार ४२,६२,९५,२९६ बाइट, म्हणजे ८,३२,६०८ सेक्टर होता. त्याला ६३ आणि १६ च्या गुणाकाराने, १००८ ने भागल्यावर बाकी न उरता ८२६ सिलिंडर आले. बाकी शून्य आली, तेव्हाच मी या आकड्यांवर विश्वास ठेवला.

डॉसबॉक्स या एम्युलेटरमध्ये इमेज जोडताना आकाराच्या पर्यायात हेच आकडे ५१२, ६३, १६, ८२६ या क्रमाने द्यावेत. सेक्टरचा आकडा चुकला तर बूट सेक्टर भलत्याच ठिकाणी शोधला जातो आणि यंत्र सुरूच होत नाही. हेडचा आकडा चुकणे अधिक घातक आहे, कारण पहिल्या सिलिंडरवरची फाइलींची यादी नीट दिसू शकते, पण पुढची माहिती विस्कटलेली येते आणि त्या अवस्थेत काही लिहिले गेले तर मजकूर कायमचा जातो.

क्यूईएमयू हा दुसरा एम्युलेटर विभाजन सारणी वाचून मापांचा अंदाज बांधतो, तरीही आकडे स्वतः द्यावेत, आणि फाइलीचा प्रकार रॉ असल्याचेही स्पष्ट सांगावे. १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर, म्हणजे ५२,८४,८२,३०४ बाइट, यापेक्षा मोठ्या डिस्कसाठी जुन्या बायोसला (संगणक सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्रामला) मापांचे रूपांतर करावे लागते. म्हणून बूट सेक्टरमध्ये २५५ हेड आढळले तर ती चूक समजू नये.

व्हीएचडी या आभासी डिस्कच्या फाइल प्रकारात मापे फाइलीतच लिहिलेली असतात. निश्चित आकाराच्या व्हीएचडीत डिस्कच्या मजकुरानंतर ५१२ बाइटांचा शेवटचा तुकडा जोडलेला असतो, त्यामुळे ती रॉ म्हणून उघडल्यास डिस्क एका सेक्टरने मोठी वाटते आणि वरचा भागाकार बिघडतो. भागाकारात नेमका एक सेक्टर उरला, तर फाइलीच्या शेवटच्या ५१२ बाइटांच्या आरंभी ‘conectix’ ही इंग्रजी अक्षरांतील खूण आहे का ते पाहावे. उलट दिशेने, रॉ इमेजपासून व्हीएचडी करताना मापांत बसवण्यासाठी आकार थोडा वाढवला जाऊ शकतो, म्हणून रूपांतरानंतर सेक्टर पुन्हा मोजावेत.

छापखान्याच्या इमेजशेजारी मी आता ८२६, १६, ६३ हे तीन आकडे असलेली साधी मजकूर फाइल ठेवली आहे, आणि मूळ इमेज फक्त वाचण्यापुरती खुली केली आहे.