हप्त्याचे दोन हजार दुकानात नेण्याआधी सोयाबीनचे शंभर दाणे मोजा

मिरग तोंडावर आलाय. खात्यात पीएम किसानचा हप्ता पडला की गावात एकच चौकशी, "बॅग कोणती आणली?" उगवण तपासली का, हे कुणी विचारत नाही.

२०२० ची पेरणी आठवा. टाळेबंदीत केंद्रानं २,००० चा हप्ता एप्रिलमध्येच सोडला, बायकांच्या जनधन खात्यात महिन्याला ५०० असे तीन महिने आले. बाजार बंद होते, हातात तेवढाच पैसा. कित्येक घरांत तो सोयाबीनच्या बॅगेतच संपला. अन् जूनमध्ये मराठवाडाभर ओरड झाली, सोयाबीन उगवलंच नाही. आदल्या साली ऐन काढणीत पाऊस लागला होता, बियाणं भिजलेलं होतं. तक्रारी इतक्या झाल्या की औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. मदतीचा पैसा मातीत गेला, दुबार पेरणी उधारीवर. तपासायला लागलं असतं एक ओलं गोणपाट.

घरचं बियाणं असो की विकतचं, न निवडता सरसकट शंभर दाणे घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल टिकवा. सात-आठ दिवसांनी निरोगी कोंब मोजा. ७० निघाले तर एकरी ३० किलो बियाणं. ७० च्या खाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवा. ६० ला ३५ किलो होतं. ६० च्याही खाली असेल तर ते बियाणं पेरू नका; घरचं असेल तर मोंढ्यात घाला. माझा आपला अंदाज असा की चौथ्या दिवशी ज्या दाण्यानं डोळा उघडला नाही, तो भारी रानात वर येत नाही. कागदावर हे कुठं सापडणार नाही.

बाकी नेहमीचं:
- ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय तिफण नको
- खोली ३ ते ५ सेंमी
- आधी बुरशीनाशक, मग रायझोबियम व पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) ही दोन जिवाणू खतं, ही प्रत्येकी २५० ग्रॅम दर १० किलो बियाण्याला. सावलीत सुकवून लगेच पेरणी
- बॅगा आपटू नका, साल पातळ असते

वाण परभणी विद्यापीठाचे एमएयूएस ७१, १५८, १६२, ६१२ आहेतच. घरचं बियाणं पास झालं तर हप्ता खिशात राहतो, हेच दुकानदाराला खुपतं. मग तो टॉनिकची बाटली पुढं करतो, "ही घेतली तरच खत" म्हणतो. बाटलीनं मेलेला दाणा उगवत नाही. सक्ती केली तर पावती मागा आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडं जा.

हप्ता आलाच नाही म्हणणाऱ्यांनी आधी ई-केवायसी बघावी. आधारला शेवटी जे खातं जोडलं त्यात पैसा पडतो. पुष्कळदा तो बायकोनं काढायला लावलेल्या दुसऱ्या बँकेत पडून असतो. राज्याच्या नमो शेतकरी योजनेच्या हप्त्याचंही तसंच.

विकतचंच आणलं तर तेही गोणपाटात घालाच. बॅग खालच्या बाजूनं फोडा, टॅग वर शाबूत राहू द्या. टॅग, पिशवी, पक्की पावती आणि मूठभर बियाणं काढणीपर्यंत जपा. उगवण फसली तर रान मोडण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज द्या. रान मोडल्यावर तालुक्याची तक्रार समिती पंचनामा कशाचा करणार?