स्पंज फिल्टर नळाखाली धुऊ नका

फिश टँकमधला स्पंज काळपट झाला की नळाखाली धरून लख्ख करायचा मोह होतो. तेवढं मात्र करू नका. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून तयार होणारा अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे जीवाणू त्या स्पंजातच राहतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं, अमोनिया साचतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात.

पाणी बदलताना टँकमधून काढलेलंच पाणी बादलीत घ्या. स्पंज उचलण्याआधी त्याच्याभोवती प्लास्टिकची पिशवी सरकवा, नाहीतर सगळा गाळ टँकभर पसरतो. बादलीत हलक्या हाताने चार-पाच वेळा पिळा. पाणी चहाच्या रंगाचं होईल, तेवढं पुरे. स्पंज नव्यासारखा दिसायला नकोच. साबण तर अजिबात नाही. फिल्टरच्या नळीतून वर येणारं पाणी मंदावलं की पिळायची वेळ झाली असं समजा.

जोड स्पंज असेल तर एका वेळी एकच पिळा, दुसरा दोन आठवड्यांनी. नवा बसवायचा असेल तर जुन्याशेजारी महिनाभर चालू द्या.

फिल्टरला हवा पुरवणारा एअर पंप मात्र पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर हवेच्या नळीत चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, लावा. वीज गेली की पाणी उलटं पंपात शिरतं. माझा एक पंप असाच गेला.

आणि गप्पीची पिल्लं असतील तर पिळण्यापूर्वी स्पंज नीट बघा. ती त्यालाच चिकटून खाण्याचे कण टिपत बसलेली असतात.