आधी पाखं बघा: न्यू इंग्लंडमधलं जुनं घर वाचायला शिकताना

न्यू इंग्लंड म्हणजे अमेरिकेचा ईशान्य कोपरा. तिथल्या सतराव्या शतकातल्या घरासमोर उभं राहिलात की लगेच दाराकडे जाऊ नका. कडेला जा आणि छपराचं मागचं पाखं आढ्यापासून खालपर्यंत नीट न्याहाळा.

यातली कितीतरी घरं सुरुवातीला पुढे दोन खोल्या आणि मधोमध भलंथोरलं धुराडं एवढीच होती. माणसं वाढली की मागे पडवी निघायची. पाख्याचा उतार मध्येच मोडला असेल तर पडवी बहुधा नंतरची, एका रेषेत उतरला असेल तर घराबरोबरचीच. मॅसॅच्युसेट्समधल्या डेडहॅमचं फेअरबँक्स घर असंच वाढत गेलं. लाकडातल्या वर्षवलयांवरून त्याचा मूळ भाग १६४१च्या सुमाराचा ठरतो. दोन्ही टोकांची दुमडत्या छपरांची (म्हणजे पाखं वर कमी आणि खाली जास्त उताराचं) दालनं मागाहून जोडलेली.

खिडक्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. मी सुरुवातीला त्यांच्यावरूनच वय ठरवायचे आणि चुकायचे. मूळच्या लहान खिडक्यांत शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली शंकरपाळी तावदानं असत. अठराव्या शतकात त्या काढून वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या आल्या. आज शंकरपाळी तावदानं दिसली तरी ती बरेचदा विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत बसवलेली असतात.

आत गेल्यावर छताखालची मुख्य तुळई शोधा. तिला तिथे समर बीम म्हणतात. परवानगी घेऊन टॉर्च तुळईला जवळजवळ टेकवून आडवा धरा. समोरून सपाट वाटणाऱ्या लाकडावर कुऱ्हाडीचे उथळ ठसे एकेक करून उठून दिसतात. खालच्या कडा तिरक्या तासलेल्या असतात, आणि भिंत हातभर राहिली की सुतार ती तिरकी धार एका छोट्याशा वळणावर थांबवतो. मला या घरांमधलं सगळ्यात प्रिय काही असेल तर ते हे वळण. तुळई उघडी दिसावी म्हणूनच ही मेहनत. तिच्यावर खिळ्यांची भोकं आणि चुन्याचे डाग असतील, तर पुढच्या कुणीतरी गिलाव्याचं छत करून ती झाकली होती.

सांध्यांपाशी रोमन आकडे कोरलेले दिसतील. सांगाडा जमिनीवर जुळवून, खुणा करून मग उभा करत. कुठलं कुसू कुठल्या खाचेत जायचं ते या खुणा सांगत.

फळ्यांवर करवतीचे गोलाकार ओरखडे असतील तर ती फळी एकोणिसाव्या शतकातली किंवा त्यानंतरची.

माळ्यावर जाऊ देतात का, ते जरूर विचारा. पडवीच्या छपराखाली घराची जुनी बाहेरची भिंत सापडू शकते, नशीब असेल तर पाऊस न लागलेल्या मूळ फळ्यांसकट.