नागपूरहून एका दिवसात पळस पाहून यायचा तर

आधी तारीख ठरवू नका, आधी झाड पाहा. आपल्याकडे साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून होळीपर्यंत पळस फुलतो, पण आठ-दहा दिवस मागेपुढे होतंच. ऑफिसच्या रस्त्यावरचा एखादा पळस हेरून ठेवा. पानं गळलेल्या फांद्यांवर नुसत्या काळपट कळ्यांचे घोस असतील तर आठवडाभर थांबा. अर्धं झाड केशरी झालं की येणारा रविवार पक्का करा. हिरव्या चपट्या शेंगा, म्हणजे पळसपापडी, लटकायला लागली तर उशीर झाला. आम्ही एका वर्षी ‘होळी झाल्यावर निवांत जाऊ’ म्हणत बसलो, मधेच अवकाळी पाऊस झोडपून गेला आणि रामटेकपर्यंत नुसत्या काड्या बघत गेलो.

पहिल्यांदा जात असाल तर रामटेकचाच रस्ता धरा: कामठी, कन्हान, मनसर आणि तिथून उजवीकडे. पन्नासेक किलोमीटर. मात्र महामार्गावरून पळस नुसता दिसतो, पाहून होत नाही. मधेच एखाद्या गावाकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याला वळा. कापणीला आलेला गहू आणि धुऱ्यावर ओळीने उभे पळस, हे तिथेच भेटतं. वावर कुणाचं तरी असतं, तेव्हा विचारून उतरा. ‘काका, झाडाखाली जरा बसू का?’ म्हटलं की उत्तर बहुधा एकच, ‘बसा ना, गव्हात नका जाऊ फक्त.’

घरून साडेपाचला निघा. हा मुद्दा घासाघीस करण्यासारखा नाही. साडेसहाच्या आसपास सूर्य वर येतो, तेव्हा झाड आपल्या आणि सूर्याच्या मधे येईल असं उभं राहा. पाकळ्यांतून उजेड आरपार येतो, मोबाइलचा फोटोही चांगला निघतो. फुलांतल्या मधासाठी मैना, कोतवाल, शिंजीर याच वेळी भांडत असतात. नशीब असेल तर भोरड्यांचा गुलाबी-काळा थवा उतरतो. त्यांना पळसमैनाही म्हणतात. दहानंतर ऊन चढतं आणि पाखरंही गप्प होतात.

खाली पडलेलं एक फूल उचलून बघाच. देठाशी काळसर मखमली वाटी आणि बाकदार पाकळी, हुबेहूब पोपटाची चोच. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात ते यावरूनच: हा पोपट तर नव्हे?

माणशी दोन लिटर पाणी, टोपी, घरची शिदोरी. वाटेत संत्र्यांचे ढीग दिसले तर थांबा, मृग बहार याच दिवसांत येतो. तर्री पोहे रिकाम्या पोटी नकोत, असं माझं मत आहे. घरच्यांना ते मान्य नाही.

दुपारी रामटेकच्या गडावर जायचं असेल तर खाण्याची पिशवी गाडीतच ठेवा, वर वानरं टपलेली असतात. खिंडसी तलाव उन्हं कलल्यावर बरा. लहान मुलं सोबत असतील तर दोन्ही सोडा आणि बारापर्यंत घर गाठा.

रंगासाठी फुलं न्यायची तर फांदी ओरबाडू नका, सडा भरपूर असतो. प्लॅस्टिकमध्ये फुलं घामेजतात म्हणून कापडी पिशवी घ्या. रात्री गरम पाण्यात भिजत घातली की सकाळी पिवळं-केशरी पाणी तयार. गाळायला मात्र जुनंच फडकं घ्या, ते परत पांढरं होत नाही.