चेनसॉ घ्यायला निघण्याआधी: वाडीवाल्यांसाठी तयारीची यादी

3 जून 2020 ला दुपारी निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धनच्या बाजूने गेले. वाडीतल्या पोफळी एकावर एक आडव्या झाल्या, माड मुळासकट निघाले आणि घरामागचा जुना रायवळ आंबा विहिरीवर पडला. कोयता-कुऱ्हाडीने हे उरकण्यातले नव्हते. रस्ता मोकळा होताच पुण्याहून एक महागडी, व्यावसायिक दर्जाची चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळीची करवत, मागवली. अकरा दिवस ती उत्तम चालली. बाराव्या दिवशी तापली की बंद पडायला लागली. गवत कापायची यंत्रे आणि फवारणीचे पंप दुरुस्त करणारा आमचा तालुक्याचा मेकॅनिक आला, कव्हर काढले आणि स्क्रूड्रायव्हर हातात धरून कार्बोरेटरचे (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचे) दोन स्क्रू शोधत बसला. ते स्क्रू त्या यंत्राला नव्हतेच. इंधन-हवेचे प्रमाण आतले इलेक्ट्रॉनिक्स ठरवत होते, आणि त्यात काय बिघडले हे बघायला लॅपटॉप आणि खास केबल लागत होती. ती पुण्यात. चेनसॉ परत आली ती गणपती होऊन गेल्यावर. तोवर रोजंदारीवर कटरवाले लावले आणि निम्म्या पोफळी जागेवरच कुजल्या.

यंदा दुसरी चेनसॉ घेतली. या वेळी यादी करून घेतली, आणि यादीत पहिले नाव यंत्राचे नाही, मेकॅनिकचे आहे. मॉडेल बघायच्या आधी, किंमत विचारायच्या आधी हे शोधा: ही बिघडली तर कोण उघडणार, कुठे, आणि किती दिवसांत. ‘आमच्याकडे सर्व्हिस आहे’ हे उत्तर धरू नका, ते सगळेच देतात. दुकानात स्वतः जा आणि मागची खोली दाखवा म्हणा. तिथे उघडलेली यंत्रे दिसतात का ते बघा. डायफ्राम किट, इग्निशन मॉड्यूल, ऑइल पंप, क्लच ड्रम, स्टार्टरची दोरी आणि स्प्रिंग हे आत्ता फळीवर आहे का ते विचारा. ‘मागवून देतो’ म्हणजे नाही, असेच समजा. इलेक्ट्रॉनिक कार्बोरेटरचे मॉडेल घ्यायचे असेल तर तपासणीची केबल आणि सॉफ्टवेअर कुठे आहे ते विचारा आणि तुमच्यासमोर एखादे यंत्र जोडून दाखवायला लावा. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या. मेकॅनिक एकच असेल तर तो सुट्टीवर गेल्यावर काय, हेही विचारा. वादळानंतर सगळ्या तालुक्याच्या चेनसॉ एकाच आठवड्यात त्याच्याकडे जातात.

मग काम काय आहे ते कागदावर लिहा. माड आणि पोफळी पाडणे, आंबा-फणसाच्या जाड फांद्या, सरपण, की दुसऱ्यांच्या वाड्यांत जाऊन धंदा? वर्षातून चार दिवस सरपण तोडायचे असेल तर व्यावसायिक चेनसॉ घेऊ नका, 30 ते 35 सीसीची घरगुती पुरते. रोज तीन-चार तास चालवायची असेल तर मात्र घरगुती यंत्र एका हंगामात खिळखिळे होते. व्यावसायिक चेनसॉमध्ये क्रँककेस (इंजिनचे खालचे कवच) मॅग्नेशियमची असते, बारला (चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीला) जाणारे तेल कमी-जास्त करता येते, हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये स्प्रिंगा असल्याने हातात थरथर कमी येते, आणि जवळजवळ प्रत्येक भाग सुटा मिळतो. मिळतो म्हणजे कंपनी बनवते, तुमच्या डीलरकडे असतोच असे नाही. पहिला मुद्दा परत वाचा.

वाडीसाठी माझे मत 50 सीसीच्या आसपास, 16 किंवा 18 इंची बार. माडाचे खोड साधारण फूटभर जाड, त्याला हे भरपूर झाले. जुन्या आंब्याचे खोड दोन्ही बाजूंनी कापावे लागेल, चालेल. लांब बार म्हणजे जास्त ताकद नव्हे. बार जितका लांब तितका इंजिनवरचा बोजा जास्त, आणि ओल्या चढावर ते वजन मनगटावर येते. नुसत्या इंजिनाचे वजन पाच किलोच्या आत ठेवा. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त यंत्रांवर 58 किंवा 62 सीसी असा मोठा स्टिकर असतो, त्याला भुलू नका, किलोवॅट बघा. चांगले 50 सीसीचे यंत्र 3 किलोवॅटच्या आसपास, म्हणजे चार घोड्यांचे असते.

आता तंत्रज्ञान, कारण माझा घोळ इथेच झाला. आज दुकानात चार प्रकार समोर येतात. साधा कार्बोरेटर, ज्याला हवा-इंधन जुळवायचे स्क्रू असतात आणि जो कोणताही जाणता मेकॅनिक जुळवू शकतो. दुसरा, इलेक्ट्रॉनिक कार्बोरेटर. श्टील कंपनी त्याला एम-ट्रॉनिक म्हणते, हुस्क्वर्ना कंपनी ऑटोट्यून. इंधन बदलले, फिल्टर धुळीने भरला, घाट चढून वर गेलात, तरी ते स्वतःच मिश्रण जुळवून घेते. चालू असेल तोवर साध्याहून सरस आहे, हे मी त्या अकरा दिवसांत पाहिले आहे. तिसरा, कार्बोरेटरच नसलेला, इलेक्ट्रॉनिक्सने इंधन इंजेक्ट करणारा. श्टीलची एमएस 500आय ही अशी पहिली चेनसॉ, 79 सीसीची, मोठ्या जंगलतोडीसाठी. वाडीला तिची गरज नाही. ही वाटचाल युरोप-अमेरिकेतल्या धुराच्या नियमांमुळे झाली. चेनसॉचे टू-स्ट्रोक इंजिन न जळलेले पेट्रोल बाहेर फेकते. ते कमी करण्यासाठी आधी सिलिंडरमध्ये इंधनाच्या आधी नुसती हवा सोडण्याची रचना आली, पाठोपाठ इलेक्ट्रॉनिक्स.

चौथा प्रकार बॅटरीचा. याला खेळणे म्हणू नका. आंब्याची छाटणी आणि माडाच्या पडलेल्या खोडाचे तुकडे करणे ही कामे चांगली 36 व्होल्टची व्यावसायिक बॅटरी चेनसॉ करते. दोरी ओढायची नाही, धूर नाही, पेट्रोल मिसळायचे नाही, आवाज कमी. पण बॅटऱ्या दोन तरी लागतात, आणि बॅटरी-चार्जर मिळून यंत्राइतकी किंमत होऊ शकते, ती आधी विचारा. मे महिन्याच्या उन्हात तापलेली बॅटरी चार्जर लगेच घेत नाही, आधी गार होऊ द्यावी लागते. आणि निसर्गनंतर आमच्याकडे कित्येक आठवडे वीज नव्हती. ज्या दिवशी चेनसॉची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी चार्जिंग नाही. जनरेटर असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून पहिली चेनसॉ पेट्रोलची, दुसरी परवडली तर छाटणीसाठी बॅटरीची. ‘पेट्रोलची बंदच होणार आहेत’ असे कोणी सांगितले तर घाबरू नका. कॅलिफोर्नियाने 2024 च्या मॉडेलपासून लहान इंजिनांवर शून्य उत्सर्जनाची अट घातली, तरी 45 सीसी आणि त्यावरच्या चेनसॉ तिच्यातून वगळलेल्या आहेत.

साधा कार्बोरेटर की इलेक्ट्रॉनिक? केबलवाला मेकॅनिक तासा-दोन तासांच्या अंतरावर असेल तर इलेक्ट्रॉनिक घ्या. नसेल तर घेऊ नका, कितीही सवलत देवोत. मी या वेळी साध्या कार्बोरेटरची घेतली, कारण माणगावच्या पलीकडे जाऊन यंत्र आठवडाभर सोडून येणे मला परत परवडणार नाही. हा निर्णय यंत्राच्या गुणावर नाही, अंतरावर घेतला आहे. तुमचे अंतर तुम्ही मोजा, आणि पावसाळ्यातला रस्ता धरून मोजा.

चेन आणि बार. दुकानात जाऊन ‘18 इंची चेन द्या’ म्हणाल तर चुकीची चेन घेऊन याल. तीन आकडे लागतात: पिच (कड्या किती अंतराने आहेत), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे त्या खाचेतल्या कड्यांची, संख्या. 50 सीसीला बहुतेक वेळा पिच .325 इंच असतो. गेज 1.3, 1.5 किंवा 1.6 मिलिमीटर. लिंक मोजून घ्या, दोन कमी-जास्त झाल्या तरी चेन बसत नाही. हे तीन आकडे बारवर कोरलेले असतात, पण वापरून घासले जातात. पहिल्याच दिवशी फोटो काढा आणि यंत्राच्या पेटीत कायम शाईने लिहा. यंत्राबरोबरच दोन जादा चेन घ्या, त्याच दुकानातून. माडाचे खोड बाहेरून कठीण आणि तंतूंचे, आपल्या वाळूच्या जमिनीत पडले की त्यात रेती भरते आणि चेन बघता बघता बोथट होते. म्हणून टोकदार फुल चिझल दाताची नको, गोलसर कोपऱ्याच्या दाताची सेमी चिझल घ्या. थोडी हळू कापते पण धार टिकते. .325 ला 4.8 मिलिमीटरची गोल कानस लागते. भुसा पिठासारखा पडायला लागला की धार गेली. त्यावर जोर देऊन कापू नका, बार जळतो. पेट्रोल भरायला थांबलात की प्रत्येक दाताला दोन-तीन हात मारा. कानस धरायला आधी शिका, डीलरकडून शिका. तो शिकवत नसेल तर तो डीलरच चुकीचा आहे, आणि हेही पहिल्या मुद्द्यातच येते.

पेट्रोलकडे दुर्लक्ष करू नका. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, आणि कोकणच्या हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी जास्त झाले की इथेनॉल त्याच्यासकट कॅनच्या तळाशी वेगळे बसते. टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचे वंगण तेल) त्या थरात मिसळत नाही, आणि चेनसॉने तोच थर ओढला तर पिस्टनला वंगण मिळत नाही, तो जाम होतो. मॅन्युअलमध्ये किती टक्के इथेनॉल चालते ते खरेदीआधी वाचा, सगळ्या मॉडेलांना 20 चालत नाही. बहुतेकांचे पेट्रोल-ऑइलचे प्रमाण पन्नासास एक: लिटरला 20 मिलि, पाच लिटरला 100 मिलि. मापानेच घाला, अंदाजाने नाही. जुन्या स्कूटरचे उरलेले तेल वापरू नका. हे इंजिन हवेने थंड होते आणि मिनिटाला तेरा-चौदा हजार फेरे मारते. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढेच मिसळा. ठेवून द्यायची असेल तर टाकी रिकामी करा आणि बंद पडेपर्यंत चालवा.

अंगावरचे साहित्य यंत्राच्या बजेटमध्येच धरा, ‘नंतर घेऊ’ नको. जाळी आणि कानाच्या बोंड्या असलेले हेल्मेट, पुढे टणक टोकाचे बूट, हातमोजे, आणि चेन अडवणारी पँट किंवा चॅप्स (पँटवरून बांधायचे पायांचे कवच). त्यातले तंतू चेनमध्ये गुंतून स्प्रॉकेट (चेन फिरवणारे चाक) जागीच थांबवतात. लुंगी किंवा हाफपँटवर चेनसॉ चालवणारे मी रोज बघतो. मांडीला लागलेली चेन टाके घालण्यापुरते मांस शिल्लक ठेवत नाही. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की चेनसॉ उसळून तोंडाकडे येते. चेन ब्रेक त्यासाठीच आहे, रोज सकाळी तपासा. खांद्याच्या वर उचलून कापू नका. वादळात पडलेले झाड दबलेले असते, एका बाजूने ताणलेले. आधी दाबाच्या बाजूने थोडे कापा, मग ताणाच्या बाजूने. हे यादी वाचून येणार नाही, जाणत्या कटरवाल्याबरोबर दोन दिवस उभे राहा.

घ्यायची वेळ दिवाळीनंतरची. मे महिन्यात दुकानात गर्दी असते, डीलर शिकवत नाही आणि मेकॅनिकला वेळ नसतो. उन्हाळाभर वापरली की वॉरंटीतच खोडी कळतात.

बाकी पटकन. घेताना दुकानातच चालू करून घ्या, थंड आणि गरम दोन्ही. बार पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून चेन फिरवा, तेलाची रेघ उमटली पाहिजे. बिलावर सिरियल नंबर. जादा प्लग, एअर फिल्टर, दोरी. बार ऑइल वेगळे, जळके इंजिन ऑइल नाही. आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ यांना 1964 चा वृक्षतोडीचा कायदा लागतो, परवानगी आधी. वादळात पडलेल्याचा पंचनामा झाल्याशिवाय तुकडे करू नका, निदान फोटो घ्या. पहिल्या पाच-सहा टाक्या पेट्रोल संपेपर्यंत इंजिन फार पळवू नका. नवी चेन सैल पडते, ती थंड झाल्यावर ताणून घ्या.

आणि पैसे द्यायच्या आधी मेकॅनिकला तुमच्यासमोर फोन लावायला सांगा. दुकानदाराला नाही, मेकॅनिकला. तुमचे गाव सांगा, मॉडेल सांगा, आणि जुलैमध्ये बंद पडली तर किती दिवसांत देणार ते त्याच्या तोंडून ऐका. दहा दिवसांहून जास्त म्हणाला तर दुसरे मॉडेल बघा.