शिलाई आणि भरतकाम दोन्ही करणारं मशीन: घेताना आणि वापरताना या चुका टाळा

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हमखास विचारला जातो, "यात डिझाइन किती आहेत?" डिझाइन नंतर पेन ड्राइव्हवरून हवी तेवढी घालता येतात. कायमचं ठरतं ते भरतकामाचं माप, म्हणजे फ्रेम (कापड धरून ठेवणारी चौकट) एकदा लावल्यावर मशीन किती जागेत काम करू शकतं ते. घरगुती मशीनमध्ये १०० × १०० मिलिमीटर आणि १३० × १८० मिलिमीटर ही मापं सर्रास दिसतात. झबलं, कुंची, रुमालाचा कोपरा, दप्तरावरचं नाव यांना पहिलं माप पुरतं. ब्लाउजच्या पाठीवर पैठणीचा मोर काढायचा असेल तर ते जेमतेम चार इंच भरतं.

"मोठी फ्रेम नंतर घेऊ" हा विचार इथे उपयोगी पडत नाही. १३० × १८० च्या काही मशीनना १३० × ३०० ची फ्रेम मिळते, पण मशीन एका वेळी आपल्या मूळ मापाएवढंच शिवतं. फ्रेम खाली-वर सरकवून डिझाइनचे तुकडे जोडावे लागतात, आणि जोड एक मिलिमीटर हुकला तरी मोराची मान तुटलेली दिसते. ब्लाउज आणि खणाचं काम मनात असेल तर बाकीच्या सोयी कमी घ्या, माप कमी घेऊ नका.

सजावटीच्या टाक्यांनाही भरतकाम समजलं जातं, ही दुसरी फसगत. साध्या झिगझॅग मशीनच्या खोक्यावरही एम्ब्रॉयडरी असं छापलेलं असतं. त्यात वेली आणि पानांच्या पट्ट्या निघतात, त्या काठाला छान दिसतात, पण गणपती किंवा नाव निघत नाही. ओळखायचं कसं? मशीनला फ्रेम अडकवायचा स्वतंत्र हात आहे का आणि तो फ्रेम आपोआप चारी दिशांना हलवतो का, एवढं पाहा. तो हात मागे आणि डावीकडे बराच सरकतो, त्यामुळे मशीन भिंतीला चिकटवून ठेवता येत नाही. घरातलं टेबल आधी मोजून घ्या.

आता दोन्ही कामांचं एकच मशीन खरंच हवं का? माझं मत स्पष्ट आहे. घरात चालू स्थितीतलं जुनं काळं मशीन असेल तर फक्त भरतकामाचं मशीन घ्यावं. कारण साधं आहे: २०,००० टाक्यांचं डिझाइन मिनिटाला ४०० टाक्यांच्या वेगाने ५० मिनिटं चालतं, आणि सुई एकच असल्याने प्रत्येक रंगाला थांबून दोरा बदलावा लागतो. तेवढा वेळ शिलाई बंद. दोन मशीन असतील तर एकीकडे मोर भरला जातो आणि दुसरीकडे बाह्या शिवून होतात. दोन्ही कामांचं मशीन योग्य ते लहान फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना, ज्यांच्याकडे आधीचं मशीन नाही आणि ज्यांना हौसेने स्वतःच्या घरापुरतं करायचं आहे त्यांना. फॉल-पिकोचा व्यवसाय करण्यासाठी मात्र हे मशीन घेऊ नका. ते काम साध्या झिगझॅग मशीनवर जास्त पटापट होतं.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मशीन मागवण्याआधीही नीट विचार करा. तिथली बरीच मॉडेल १२० व्होल्टची असतात, आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात. थेट प्लग लावला तर आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड जळू शकतं, म्हणून ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. वॉरंटीही बहुधा ज्या देशात खरेदी झाली तिथेच चालते.

डिझाइनची फाइलही मशीनगणिक वेगळी. ब्रदर कंपनीच्या मशीनला पीईएस प्रकारची फाइल लागते, जानोमच्या मशीनला जेईएफ. डीएसटी फाइल बऱ्याच मशीनवर चालते, पण तिच्यात रंगांची माहिती नसते, त्यामुळे पडद्यावर मोर भलत्याच रंगांत दिसला तर घाबरू नका, कोणत्या टप्प्याला कोणता रंग ते कागदावर लिहून ठेवा. मोबाइलमधला फोटो पेन ड्राइव्हवर टाकून मशीन तो शिवत नाही. चित्राचं टाक्यांमध्ये रूपांतर करावं लागतं. इंक-स्टिच हे सॉफ्टवेअर त्यासाठी फुकट मिळतं, शिकायला चिकाटी लागते.

मशीन घरी आल्यावर सर्वात जास्त रडवतो तो कापडाखाली होणारा दोऱ्याचा गुंता. गुंता खाली दिसतो म्हणून सगळ्या बॉबिनच्या (खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या) मागे लागतात, पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. मशीनचा कापड दाबणारा पाय खाली असताना दोरा ओवला की तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या, चकत्यांमध्ये शिरतच नाही. पाय वर उचला, सगळा दोरा काढा, पहिल्यापासून ओवा. टेन्शनचा स्क्रू फिरवायला त्यानंतरच हात लावा. उलट, खालचा पांढरा दोरा वर डोकावत असेल तर वरचं टेन्शन जास्त आहे किंवा बॉबिनचा दोरा स्प्रिंगखाली गेलेला नाही. बॉबिन तुमच्या मॉडेलचीच हवी. उंचीत दोन-तीन मिलिमीटरचा फरकही टाके बिघडवतो.

दोरा वारंवार तुटत असेल तर आधी सुई बदला. भरतकामाची ७५/११ नंबरची सुई रोजच्या पॉलिस्टर दोऱ्याला योग्य. जरीचा दोरा असेल तर मोठ्या डोळ्याची ९०/१४, वेग कमी, टेन्शन सैल.

कापड चुरगळल्यासारखं गोळा झालं तर बहुतेक वेळा दोष मशीनचा नसतो. कापड ताणून फ्रेममध्ये बसवलेलं असतं किंवा खाली भरतकामाचा पेपर (कापडाला आधार देणारा थर) लावलेला नसतो. ताणणाऱ्या कापडाला कापून काढायचा पेपर लावा, सुती-खणाला फाडून काढायचा चालतो. टॉवेलवर वरून पाण्यात विरघळणारी फिल्म हवी, नाहीतर टाके लूपमध्ये बुडतात. आणि ब्लाउजपीस आधी कापू नका. खडूने आखा, भरतकाम करा, मग कापा, कारण कापलेल्या तुकड्याला फ्रेममध्ये धरायला कड उरत नाही. शिवलेल्या खिशावर नाव घालताना एक बाजू उसवली नाही तर खिसाच शिवला जातो.

तेलाबद्दल एवढंच, जुन्या मशीनची सवय इथे लावू नका. कित्येक मॉडेलांच्या माहितीपुस्तिकेत स्वतः तेल घालू नका असं लिहिलेलं असतं. बॉबिनखालचा कचरा ब्रशने काढा, फुंकू नका. सुई पट्टीवर आपटून तुटली आणि त्यानंतर टाके सुटायला लागले तर टायमिंग, म्हणजे सुई आणि खालच्या हुकचा मेळ, हललेलं असू शकतं, ते मेकॅनिकनेच पाहावं. म्हणूनच पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा: हे मॉडेल आपल्या शहरात दुरुस्त होतं की बाहेर पाठवावं लागतं, फ्रेम आणि बॉबिन सुट्या मिळतात का, आणि आम्ही आणलेल्या खणाच्या तुकड्यावर आत्ता इथे भरून दाखवाल का.